मामांचं देणं

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर राहणारे मामा ठाणे जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून व्रणोपचारक म्हणून निवृत्त झालेले. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, जनावर खोड्यात घालायचं, डॉक्टर सुई टोचत असताना त्याचं तोंड धरून उभं राहायचं, पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याच्या लशी घेऊन पाड्यापाड्यांवर फिरायचं. त्यांची सगळी नोकरी मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत अशी झाली. पुढे मुलाने डोंबिवली पूर्वेला ब्लॉक घेतला आणि मामा इथे आले. इथे ना गोठा, ना खोडा. सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून ते बसत आणि स्टेशनकडे पळणाऱ्या आम्हा लोकांना गाड्यांची खबर देत. "ताई, आज गाड्या मागं धावतायत, सावकाश जा."

मी ठाण्याला नौपाड्यात एका सीएच्या ऑफिसात काम करते. मामांच्या पेन्शनचं एक अडलेलं प्रकरण मी कागद जुळवून मार्गी लावून दिलं होतं आणि दर नोव्हेंबरात त्यांचा हयातीचा दाखलाही मीच भरायची. त्यामुळे आमच्या दोघांच्या खात्यात जमेची बाजू माझी आहे, असं आपलं माझ्या मनात होतं. २०१८च्या पावसाळ्यात वाघ्या आला आणि खातं पार उलटं फिरलं.

वाघ्या आला ठाण्याहून. माझ्या एका सहकाऱ्याला तो उपवन तलावाजवळ भिजलेल्या अवस्थेत सापडला होता. तांबूस, गावठी, कान निम्मे उभे निम्मे पडलेले. सहकाऱ्याच्या मुलांनी हौसेने नाव ठेवलं वाघ्या. पण त्याच्याकडे कुणी बघितलं की वाघ्याच्या पायाखाली ओल. पाहुणा आला की ओल, बेल वाजली की ओल, मालक ऑफिसातून घरी आला की आनंदाने ओल, आणि त्याबद्दल कुणी रागावलं की आणखी ओल. त्या घरात कुणीतरी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला मारायला सुरुवात केली. पैसे देऊन बोलावलेल्या एका शिकवणाऱ्याने तर त्याचं नाक त्याच ओलीत घासायला सांगितलं. हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो देणारे बहुधा स्वतःला कुत्र्यांचे जाणकार म्हणवतात. परिणाम एवढाच झाला, की पुढे पुढे वर्तमानपत्राची घडी उघडल्याचा आवाज आला तरी वाघ्या सोफ्याखाली जाऊन ओला व्हायचा. सहकाऱ्याची बायको रडकुंडीला आली होती. पिल्लू रस्त्यावर सोडायचं ठरत होतं, तेव्हा मी हो म्हणून बसले.

लोकलच्या गर्दीत त्याला आणणं शक्य नव्हतं आणि माणकोलीचा पूल तेव्हा सुरू झालेला नव्हता. सहकाऱ्याच्याच गाडीतून मुंब्रा, शिळफाटा असा वळसा घेत, पावसात तुंबत आम्ही पोचलो. पार्किंगमध्ये त्याला खाली ठेवलं मात्र, चार-पाच माणसं गोळा झाली. "अले अले, कोण आलंय!" म्हणत सगळी त्याच्यावर ओणवी. वाघ्याने कान मागे चिकटवले, शेपूट पोटाशी घेतली, उताणा पडला आणि लादीवर थारोळं पसरलं. कुणी तोंडावर पदर धरला, कुणी हसलं.

मामा खुर्चीतून उठले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "मंडळी, मागं व्हा जरा. वाकू नका त्याच्यावर." मग खुर्ची सोडून खाली लादीवर टेकले, पिल्लाकडे पाठ करून, तोंड फाटकाकडे. वॉचमनला हाक मारून त्याच्या गावच्या भाताची चौकशी करू लागले. रोपं किती वाढली, लावणीला माणसं मिळतायत का. बोलणं रेंगाळत राहिलं. थोड्या वेळाने वाघ्या उठला, अंग झटकलं, मामांच्या पायजम्याला नाक लावलं. मामांनी हात लावला नाही. वॉचमनशी बोलता बोलता खिशातून भाकरीचा तुकडा काढला आणि मागच्या बाजूला टाकला. पिल्लाने तो खाल्ला आणि जागा कोरडी राहिली. मला म्हणाले, "पोरगं चांगलं आहे. फक्त फार नमस्कार करतंय."

त्याच संध्याकाळी ते वर आले. पिल्लाचे लाड करायला आले असतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी मात्र पहिलं वाक्य टाकलं ते हे, की आधी डॉक्टर, मग बाकीचं. "मनाचं दुखणं समजून बसायचं आणि आत जंतू निघायचे, असं नको. लघवी तपासून घ्या." नमुना कसा घ्यायचा हेही त्यांनीच दाखवलं. सकाळची पहिली लघवी, लांब दांड्याचा स्वच्छ डाव हळूच मागून खाली सरकवायचा. आमच्या स्वयंपाकघरातला एक डाव त्या कामी कायमचा गेला.

डॉक्टर कल्याण पश्चिमेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कल्याणचा पत्रीपूल वाहतुकीला बंद झाला होता, नोव्हेंबरात तो पाडला. त्या दिवसांत डोंबिवलीहून कल्याणला रिक्षाने जायचं म्हणजे काय दिव्य होतं ते इथल्यांना सांगायला नको. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर वाघ्या. तपासणीच्या उंच टेबलावर ठेवताच तो थरथरला आणि टेबल ओलं झालं. डॉक्टरांनी त्याला उचलून खाली ठेवलं, स्वतः जमिनीवर बसले आणि बाकीची तपासणी, रेबीजची लससुद्धा, तिथेच उरकली. रिपोर्टमध्ये संसर्ग नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं, की पिल्लाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूवर त्याचा ताबा अजून पक्का बसलेला नसतो. भावना उचंबळली की तो सैल सुटतो. वर्षाचं होईपर्यंत बहुतेक पिल्लांचं हे आपोआप कमी होतं, मात्र तोवर घाबरवलं तर मुरतं. सतत थेंब थेंब गळत असेल, झोपेत अंथरूण ओलं होत असेल, पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल, तर गोष्ट वेगळी. कधी संसर्ग असतो, कधी मूत्रवाहिनी जन्मतःच भलत्या जागी उघडलेली असते. वाघ्याला यातलं काही नव्हतं. त्याची ओल फक्त माणसांसमोर व्हायची. एकटा असताना तो कोरडा असे.

मामांना रिपोर्ट दाखवला, त्यांनी मान डोलावली, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही जसंच्या तसं लोकांना सांगते. दवाखान्यात कधी कधी आई मेलेली पिल्लं कुणी आणून टाकायचं. डोळे न उघडलेली. त्यांना दूध पाजून भागत नाही. कोमट पाण्यात कापूस भिजवून पोटाखाली हळूहळू चोळावं लागतं, कारण त्या वयात पिल्लाला आपली आपण लघवी होत नाही. आई त्याला उताणं करते, चाटते, तेव्हा होते आणि ती सगळं साफ करते. "म्हणजे बघा ताई, उताणं पडायचं आणि सोडून द्यायचं, हे त्याला आईजवळ शिकायला मिळालं. मोठ्यासमोर तो तेच करतो. सांगतो, मी अजून बारका आहे, मला मारू नका. हा मुजरा आहे. मुजरा करणाऱ्याच्या थोबाडीत मारतात का कुणी?"

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचलं. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने लांडगे आणि कुत्री शरण कशी जातात यावर १९६७ साली एक निबंध लिहिला. त्याने शरणागतीचे दोन प्रकार केले. एकात प्राणी अंग चोरत, शेपूट हलवत पुढे येतो आणि समोरच्याचं तोंड चाटू पाहतो. त्याचं मूळ पिल्लाच्या अन्न मागण्यात आहे. दुसऱ्यात तो उताणा पडतो, प्रसंगी लघवी सोडतो, आणि त्याचं मूळ आईच्या चाटण्यात आहे. म्हणजे मुरबाडच्या दवाखान्यात ओल्या कापसाचा बोळा हातात धरून मामांनी जे ओळखलं होतं, तेच. डार्विनने तर १८७२ साली, माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना बाहेर कशा दिसतात यावरच्या पुस्तकात, मालकासमोर पोट वर करून लोळणाऱ्या कुत्र्याची नोंद केली आहे. कुत्र्याच्या मालकावरच्या प्रेमात भीतीला लागून असलेली शरणागती मिसळलेली असते, आणि ते लोळणं प्रतिकाराच्या अगदी उलट टोकाचं असतं, असं त्याचं म्हणणं. इतकं सगळं छापून झालेलं असताना आपल्याकडे पिल्लाचं नाक लादीवर घासलं जातं, याचा मला राग येतो. मामांना येत नसे. ते म्हणायचे, "त्यांना कुणी दाखवलं नाय, एवढंच."

मामांनी पहिल्यांदा कामाला लावलं ते आम्हाला. वाघ्याला ओल दोन तऱ्हेची होत होती आणि त्या दोन्हींचं औषध वेगळं, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं होतं. मी ऑफिसातून आले की तो उभ्या उभ्या, शेपूट गरागरा फिरवत, नाचत सांडायचा. तो आनंद. परका माणूस वाकला की अंग चोरून, उताणा होऊन सांडायचा. ते भय.

आनंदाच्या बाबतीत मामांचा हुकूम एकच: "येताना सण करू नका." दार उघडायचं, त्याच्याकडे बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही. पर्स ठेवायची, पट्टा उचलायचा आणि सरळ खाली. मातीत त्याने मोकळं केलं की मग काय बोलायचं ते बोला, काय गोंजारायचं ते गोंजारा. गाडीत लोंबकळून आल्यावर आपली वाट बघणारा एकुलता एक जीव आणि त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही, हे माझ्या जिवावर यायचं. नवऱ्याला ते सहज जमलं. पुरुषांना घरात शिरताना कुणाकडे न बघण्याचा सराव असतो, असं मी म्हटल्यावर मामा बराच वेळ हसले. बेल त्यांनी काढूनच टाकायला लावली. येणाऱ्याने खालून फोन करायचा, म्हणजे तेवढ्यात वाघ्याला मागच्या जिन्याने खाली नेऊन मोकळं करून आणता येतं. रिकाम्या मूत्राशयातून सांडणार काय?

भयाचं काम लांबलं, आणि त्यात मुख्य भूमिका होती आमच्या सासऱ्यांची. ते कल्याणला पारनाक्याजवळ राहतात. आयुष्य रेल्वेच्या लोको शेडमध्ये गेलं, त्यामुळे इंजिनाच्या वर आवाज काढून बोलायची सवय. दर रविवारी यायचे, काखेत वर्तमानपत्र, आणि दारातूनच टाळी वाजवून, "काय वाघोबा!" माणूस अत्यंत प्रेमळ. पण वाघ्याच्या दृष्टीने त्यांच्यात सगळीच्या सगळी संकटं एकत्र आलेली: उंची, आवाज, टाळी आणि वर्तमानपत्र.

मामांनी त्यांना खाली बोलावून चहा पाजला. वरच्या आमच्या खिडकीतून ऐकू येत होतं. सासरे म्हणत होते, "माझ्याच मुलाच्या घरात मी चोरासारखा शिरू होय?" मामा म्हणाले, "अहो, घरात नवी सून आली तेव्हा तिला टाळी वाजवून बोलावलं होतं का? चार दिवस बिचारीकडे न बघता पेपर वाचलात ना? तसंच." सासऱ्यांना ते पटलं, कारण त्यांनी खरोखर तसंच केलं होतं, मी साक्षीदार आहे.

मग रविवारचा क्रम ठरला. पेपर मामांच्या घरी ठेवायचा. वर येऊन पिल्लाकडे न बघता, भिंतीकडे खांदा करून आडवं उभं राहायचं, मग पाटावर बसायचं. कमरेतून वाकायचं नाही, कारण वाकलेला माणूस पिल्लाला अंगावर आल्यासारखा दिसतो. डोळ्याला डोळा लावायचा नाही. खिशातले भाकरीचे तुकडे एकेक करून आपल्यामागे टाकायचे, हातातून भरवायचे नाहीत. तो आपण होऊन जवळ आला तरी डोक्यावरून हात फिरवायचा नाही. हात खालून, हनुवटीपाशी, नाहीतर छातीशी, आणि तोही क्षणभर. शेवटची अट सासऱ्यांना सगळ्यात जड गेली: आवाज. त्यांनी कुजबुजण्याचा प्रयत्न केला, तो शेजारच्या ब्लॉकमध्ये ऐकू गेला. शेवटी ते न बोलता बसायला शिकले. सासूबाई म्हणाल्या, हे मला पस्तीस वर्षांत जमलं नाही.

मामा दाराशी बसून वाघ्याचं तोंड बघत राहायचे आणि आम्हाला दाखवायचे. "जीभ फिरवली नाकावरून. आता थांबा." "जांभई दिली, झोप नाय आलेली, अवघडलाय तो." "मान वळवली बघा, पुरे म्हणतोय." नॉर्वेच्या तुरीद रुगोस नावाच्या प्रशिक्षक बाईंनी कुत्र्यांच्या याच खुणांवर एक छोटं पुस्तक लिहिलं आहे आणि जगभरचे लोक ते वाचून शिकतात. मामांनी हे बैलांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडाकडे बघून जमवलेलं होतं. चुकीच्या क्षणी पुढे झालो तर जनावर लाथ मारतं, हीच त्यांची परीक्षा.

वर्तमानपत्राचं भय घालवायला त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडली. आधी पेपर नुसता जमिनीवर पसरून त्यावर भाकरीचे तुकडे. वाघ्या खायला लागला. मग त्याचं जेवणाचं भांडंच पेपरवर. मग तो खात असताना खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी एक पान उलटायचं, फक्त एक. आवाजाने त्याने मान वर केली तर आणखी लांब जाऊन उलटायचं. असं करत करत एका रविवारी सासऱ्यांनी पाटावर बसून अख्खा अंक वाचला, पुरवणीसकट, आणि वाघ्या त्यांच्या गुडघ्याला टेकून झोपलेला होता.

याच्या जोडीला मामांनी त्याला दोन कामं शिकवली. एक "बस", आणि दुसरं म्हणजे खाली धरलेल्या तळहाताला नाक लावून दाखवायचं. तुकडा नाकासमोरून वर नेला की पिल्लू आपोआप बूड टेकतं, दाबावं लागत नाही. त्यांचं म्हणणं असं, की माणूस समोर आला तर काय करायचं हे ज्याला ठाऊक असतं त्याला मुजरा घालायची वेळ येत नाही. पाहुण्यांसमोर पोराला उभं करून पाढे म्हणायला लावणारे आपण, पण हे काम त्या जातीचं नव्हतं. वाघ्याला नको असेल तर तो निघून जायचा आणि कुणी त्याला ओढून आणायचं नाही, हे मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

सांडलेलं पुसण्याचीही रीत होती. फिनेलचा उग्र वास आपल्या नाकाला पुरतो, कुत्र्याच्या नाही. त्याला खालचा वास येतच राहतो आणि ती जागा त्याची ठरून जाते. डॉक्टरांनी वास मुळातून मोडणारं एन्झाइमचं द्रावण दिलं होतं. मामांची भर एवढीच, की पुसताना पिल्लाला आधी दुसऱ्या खोलीत न्या आणि उसासे टाकू नका. उसासाही त्याला कळतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. त्या वर्षी आरतीला माणसं जमली, झांजा वाजल्या आणि आठवड्यांची कमाई एका आरतीत वाहून गेली. दुसऱ्या आरतीपासून मामा त्याला आपल्या घरी घेऊन बसले. देवाची आरती चुकली म्हणून त्यांना काही वाटलं का, विचारायचं राहून गेलं. दिवाळीतही फटाके वाजायला लागले की ते त्याला आतल्या खोलीत घेऊन, खिडक्या लावून, रेडिओ चालू करून बसत. त्यांच्या घरातल्यांनी कधी कुरकुर केली नाही, हेही त्याच खात्यात मांडायला हवं.

मधेच सोसायटीत तक्रार झाली. जिन्यात ओल, लिफ्टमध्ये वास. कुत्रा पाळायला सोसायटीला बंदी घालता येत नाही, असं सांगणारी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ सालची मार्गदर्शक सूचना मी छापून घेतली, पिवळ्या शाईने ओळी रंगवल्या आणि मीटिंगला निघाले. मामांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. "हा असू द्या, पण नंतर. त्यांचा जिना खरंच ओला झालाय." मीटिंगमध्ये ते एवढंच बोलले, की जिना रोज सकाळी पुसला जाईल, आणि तक्रार करणाऱ्या वहिनींनी एक दिवस आपल्याबरोबर पाच मिनिटं पार्किंगमध्ये आडवं उभं राहून बघावं. जिना आम्ही पुसत होतो. वहिनी कुतूहलाने आल्या. भाकरीचा तुकडा त्यांनी मागे टाकला, वाघ्याने खाल्ला, त्यांच्या तळहाताला नाक लावलं आणि कोरडा राहिला. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे, न वापरलेला.

एकदा मी मामांना विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? सगळं आपोआप आलं असेल अशी माझी समजूत होती. ते म्हणाले, नोकरीच्या सुरुवातीला तेही दोरी आणि दांडा यांवरच भिस्त ठेवायचे, सगळेच ठेवायचे. मग परळहून शिकून आलेले एक तरुण साहेब बदलून आले. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं, जुनं. तिथून आलेल्या साहेबांचा मामांच्या बोलण्यात फार मान असायचा. हे साहेब भेदरलेल्या वासराजवळ गेले की आधी खाली बसायचे, विडी ओढल्यासारखे निवांत, आणि जनावर वास घेईपर्यंत हलायचे नाहीत. बाहेर रांग लागलेली असली तरी. एकदा मामांनी घाई केली तेव्हा साहेब म्हणाले होते, की आत्ता बसलो तर वेळ वाचेल. वर्षभरात दवाखान्यात खोड्याचा वापर निम्म्याने कमी झाला, असं मामा अभिमानाने सांगत. साहेब पुढे बदलून गेले, पत्ता राहिला नाही. "त्यांचं कायतरी फेडायचं होतं, ते तुमच्या वाघ्यात फिटलं," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. म्हणजे मी ज्यांची देणेकरी, तेही कुणाचे देणेकरी निघाले, आणि माझी फेड कुणाकडे करायची याची वाटही तिथेच दिसली.

वाघ्या वर्षाचा व्हायच्या आत कोरडा झाला. आज तो मध्यमवयीन, जरा स्थूल आणि माणसांच्या बाबतीत चोखंदळ कुत्रा आहे. आलेल्या पाहुण्याला तळहाताला नाक लावून दाखवतो आणि जाऊन पंख्याखाली पडतो. सासरे पुन्हा मोठ्याने बोलतात, त्याची त्याला सवय झाली आहे.

२०२०च्या टाळेबंदीत मामा मुरबाडकडच्या आपल्या गावी गेले आणि तिकडेच राहिले. डोंबिवलीत त्यांचा जीव कधी रमला नव्हता, ते आम्हाला कळत होतं. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या गोष्टी आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो आहोत, जायचं ते अजून एसटीने किंवा गाडीने. गाडी मिळाली की वाघ्याला घेऊन जाते. त्याला बघून मामा उठत नाहीत, बोलत नाहीत, अंगणात पाठ करून बसतात. आता त्याची काही गरज नाही, हे त्या दोघांनाही माहीत आहे.

मामांना पैसे घ्या म्हणण्याची माझी कधी हिंमत झाली नाही. नोव्हेंबरातला दाखला मी अजून भरते, पण त्याने हे देणं फिटत नाही. तेव्हा जे मला मिळालं ते पुढे पोचवते. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, कुठूनही कुणी ओळखीने फोन केला, की पिल्लू माणूस बघून ओलं होतंय, तर मी रविवारी जाते, भिंतीकडे खांदा करून उभी राहते, घरच्यांना उभं राहायला शिकवते. एक-दोन घरांत पाहुण्यांसाठी दारावर चिठ्ठीच लावून दिली आहे: कृपया कुत्र्याकडे बघू नका. वाचून पाहुणे हसतात, पण ऐकतात.

तुमच्या घरी असं पिल्लू असेल तर त्याला रागावू नका, कुणाला मारू देऊ नका, आणि नाक घासायला सांगणाऱ्याला चहा देऊन वाटेला लावा. माणसांना आडवं उभं राहायला सांगा, भाकरी खिशात ठेवा, वर्षभर धीर धरा. पण लघवीत रक्त दिसलं, पिल्लू कुंथत असलं किंवा झोपेत त्याचं अंथरूण ओलं होत असलं, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी नमुना घेऊन पशुवैद्याकडे जा.